आरसा ट्रॅफिकसाठी असतो

घरात ऋजुता तीनच वाक्यं बोलते:
चार्जर कुठंय.
भूक नाही.
जाताना दार ओढून घे.

मी दार ओढून घेतो.
दारामागे ती कुणाशी तरी खूप हसते
आणि मी पॅसेजमध्ये उभा,
हातात चिरलेल्या पेरूची बशी, तिखटमीठ लावलेली,
साहेबांची सही मिळेपर्यंत
ऑफिसात थांबतो तसा.

मयुरा म्हणते, ठेव तिथंच स्टुलावर,
मांजरीला ठेवतात तशी. येईल, खाईल.
आणि खरंच, तासाभरानं
बशीत नुसतं तिखट उरतं.

पण फिजिक्सचा क्लास फत्तेगंजला आहे,
साडेसहाचा,
आणि दांडिया बाजारपासून बारा मिनिटं
ती माझ्या मागे बसते.

पहिले पंधरा दिवस काही नाही.
तिची सॅक आमच्या दोघांच्या मध्ये
तिसऱ्या माणसासारखी.
मग एकदा सिग्नलला,
टेम्पोच्या घरघरीत, माझ्या हेल्मेटमागून:
"मला नाही घेतलं त्यांनी ग्रुपमध्ये."
मी वळलो. काय? कुणी? कशात?
"काही नाही. जवा दो ने, पप्पा. ग्रीन झाला."

तेव्हा शिकलो,
वळायचं नाही. काय म्हणायचं नाही.
मान हलवायची, हेल्मेट हललेलं
मागून दिसेल इतकीच.
ब्रेकसुद्धा हळू लावायचा,
वाक्य सांडतं.

अर्धं वारा नेतो.
उरलेल्या अर्ध्यात
गरब्याच्या पासचे पैसे असतात, मैत्रिणीला दिलेले, बुडालेले.
एक निहार असतो, आठवड्यातून दोनदा,
मग अजिबात नसतो.
केमिस्ट्रीचे पन्नासातले बावीस.
आणि एकदा, अगदी क्लासच्या गल्लीत वळताना,
"आई रात्री किचनमध्ये लाइट न लावता का बसते?"

त्याला मला मान हलवता आली नाही.

मध्यंतरी मी डावा आरसा जरासा फिरवला होता,
तिचा चेहरा दिसावा म्हणून.
तिनं काळ्या घोड्यापर्यंत सहन केलं.
"पप्पा. आरसा ट्रॅफिकसाठी असतो."

त्याच पुलावर डिसेंबरात एक दिवस गर्दी.
विश्वामित्रीत मगर.
बडोद्यात त्यात नवल काही नाही, तरी सगळे थांबतात,
आम्हीही थांबलो.
खाली उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं पाणी,
पाण्यावर दोन डोळे, नाकाचा उंचवटा,
बाकी सगळी मगर आत.
एक काका खडे मारत होते,
ती पुरती वर यावी म्हणून.
ऋजुता त्यांना गुजरातीत जे म्हणाली
ते मला इथे लिहिता येणार नाही.
काकांनी हातातला खडा खिशात ठेवला. खिशात!
मग कठड्याला टेकून, माझ्याकडे न बघता,
"श्वास घ्यायला येते ती.
आपल्याला दिसायला नाही."

क्लासला उशीर झाला.
मी काही बोललो नाही.

जानेवारीत तिला सोळा पूर्ण झाली.
रविवारी सकाळी पोलो ग्राउंडवर
ती पुढे, मी मागे.
हात कुठे ठेवायचे ते कळेना,
शेवटी सीटमागची दांडी धरली.
दोन फेऱ्या मी नुसताच
हळू, हळू, डावीकडे कुत्रं, असं म्हणत होतो.

तिसऱ्या फेरीला तोंडावर वारा आला
आणि का कोण जाणे, तिच्या पाठीला म्हणालो
की उन्हाळ्यात आईचं नि माझं फार बिनसलं होतं,
आता बरं आहे, म्हणजे, बरंचसं,
की त्या बावीस मार्कांच्या रात्री मी ओरडलो
ते मार्कांसाठी नव्हतंच.

अर्धं वाऱ्यानं नेलं असेल.

ती वळली नाही. काय म्हणाली नाही.
हेल्मेट हललं.
आणि समोर क्रिकेटवाल्या पोरांचा बॉल आडवा आला
तेव्हा ब्रेक तिनं
अगदी हळू लावला.